जोतीरामच्या रानातला नांगऱ्या

वरकुट्याच्या शिवेवर जोतीराम काळ्या रानाची एक पट्टी कसायचा. पूर्वी त्यांच्या घरात मेंढरं होती; ती मोडून त्याच्या बापानं नांगर धरला. रान मात्र मानसिंगरावांचं. ते बारामतीला राहायचे आणि सुगी झाली की खंडाची ज्वारी न्यायला यायचे. सत्तावन्न साली कूळकायद्यानं सांगितलं, की जो कसतो त्याचं रान. झालं, गावात सख्खे शेजारी एकमेकांकडं तिरके बघायला लागले.

मानसिंगरावांनी लगेच अर्ज दिला, की ही पट्टी आमच्या घरखेडीची, आमचाच गडी कसतो. जोतीरामच्या घरात बायको सारजा, दोन लेकरं, आणि पोटाला तेवढं एकच रान.

माझं रान त्याच्या बांधाला लागून. त्याच दिवसांत मला त्या पट्टीत एक नांगऱ्या दिसायला लागला. उंच, उघड्या अंगाचा, डोक्याला करडं मुंडासं. मला वाटलं, मानसिंगरावांनी पुरावा उभा करायला माणूस घातला. जोतीरामलाही तेच वाटलं. तो काठी घेऊन धावला. पोचला तेव्हा ढेकळं ओली होती, माणूस नव्हता, बैल नव्हते. हे त्यानं फक्त मला सांगितलं. तिकडं मानसिंगरावांना खात्री होती, की जोतीरामनंच कुठला तरी पाव्हणा आणून बसवलाय.

एकदा भर दुपारी मी उगवतीच्या बांधावर होतो आणि पल्याडच्या रानाचा रावजी मावळतीच्या. नांगऱ्या आमच्या मधे. मला त्याची पाठ दिसली. रावजीलाही पाठच दिसली, त्याच वेळी. मी हे बोलून दाखवलं, तर तो म्हणाला, "तात्या, तुमच्या थापा पारावर मारा." पण त्यानंतर तो त्या बांधानं आला नाही.

चौकशीला मामलेदार चावडीवर आले. एकेक साक्षीदार आत गेला आणि प्रत्येकानं हेच सांगितलं, की अलीकडं नांगर धरतो तो तिसराच.

"कोण हा?" साहेबांनी विचारलं.

मानसिंगरावांचे वकील म्हणाले, आमचा सालगडी. साहेबांनी नाव विचारलं. वकिलांनी मानसिंगरावांकडं पाहिलं, मानसिंगरावांनी आढ्याकडं.

मग जोतीराम उठला. ठाऊक नाही म्हणाला असता, तर रान गेलंच होतं. त्यानं शपथेला कनवटीचा बिरोबाचा भंडारा तळहातावर घेतला.

"त्यो आमच्या घरातला हाय, सायेब. आमच्यातच जेवतो."

"नाव?"

"आमी दादा म्हनतो."

दारात उभ्या सारजानं तोंडावर हात ठेवला. निकाल जोतीरामच्या बाजूनं लागला.

चार दिवसांनी मी तंबाखूची चंची घेऊन त्याच्या बांधावर जाऊन बसलो. पल्याड नांगर चालू होता. बैल जोतीरामचे, डोक्याचा पटका जोतीरामचा. रान नावावर झाल्यावर गडी कसा ताठ चालतो, असं मनात आलं.

सारजा डोक्यावर टोपली घेऊन आली. मी म्हटलं, "मालकीणबाई, आता आम्हालाही चतकोर द्या."

ती हसली नाही.

"तात्या, ह्यो माजा मालक न्हवं."

"मग जोतीराम कुठंय?"

"निकालादिवशी रानाकडं म्हनून गेलं, त्ये आलंच न्हाईत. सांजंला ह्यो आला. ताटावर बसला."

पाटलाला सांगू का, मी विचारलं.

तिनं नांगरलेल्या ढेकळांकडं बघितलं.

"सांगितलं, तर मंग रान कुनाचं?"

तिनं टोपली खाली ठेवली. फडकं सोडलं. परक्या पुरुषापुढं ओढावा तसा पदर नाकापर्यंत ओढला आणि हाक मारली.

"अवं, जेवाया या."

नांगर थांबला.

सारजानं वर न बघताच पाण्याचा तांब्या पुढं सरकवला.