‘ओझं’ या शब्दाखालच्या नोंदी

त्या सकाळी मी आईची वेणी घातली, गोळ्या वाटीत काढल्या आणि पाण्याचा ग्लास तिच्या डाव्या हाताशी ठेवला. उजवा हात दोन वर्षांपूर्वीच्या झटक्यात गेला होता. समाजशास्त्राची प्राध्यापकी सुटली, काम सुटलं नव्हतं. म्हातारपणाबद्दल माणसं कुठल्या शब्दांत बोलतात, ते ती गोळा करत होती. एका शब्दाला एक कार्ड. त्यावर कोण, कुठे, कधी काय बोललं ते जसंच्या तसं. कानांनी ऐकलेलंच लिहायचं, अंदाज चालत नसे.

“‘ओझं’वर तुझी नोंद राहिलीय,” ती म्हणाली.

“मला कशाला धरतेस नमुन्यात? घरचं माणूस पक्षपाती.”

“कुणाच्या बाजूने, तेच तर विचारतेय.”

“संध्याकाळी सांगते गं. उशीर होतोय.”

संध्याकाळी आले तेव्हा ती खुर्चीतच होती. हात गार पडले होते.

कार्डांच्या पेटीला मीच कुलूप लावलं. किल्ली माझ्या पर्समध्ये राहिली.

महिन्याभराने तिच्या सहकारी बाईंचा फोन आला. अर्धं राहिलेलं पुस्तक पूर्ण करायला कार्डं हवी होती. “मी येते मदतीला. एवढं ओझं एकटीने उचलू नका.”

नको म्हटलं आणि लगेच पेटी उघडली. ‘ओझं’च्या कार्डावर एक नर्स होती, एक निवृत्त कारकून, दोन सुना. डाव्या हाताची, मागे कललेली अक्षरं. मग:

‘शेजारीण, जिन्यात: सुटली बिचारी, पोरीवरचं ओझं उतरलं.’

तारीख पाहिली. आईला जाऊन तेव्हा तीन दिवस झाले होते. जिन्यात आम्ही दोघीच होतो.

तारीख पुन्हा वाचली. अक्षरही.

‘सहकारी, फोनवर: एवढं ओझं एकटीने उचलू नका.’

बोट फिरवलं. शाई पसरली.

त्याखाली, ‘मुलगी, घरी:’

पुढे कोरं. फक्त शाईचा एक ठिपका, पेन टेकवून कुणी थांबावं तसा. तो हळूहळू मोठा होत होता.

“ओझं वाटायचं, आई,” मी म्हणाले. “कधीकधी फार वाटायचं. तू गेलीस तर सुटेन, असंही एकदा मनात आलं. आणि तरी रोज जिना चढताना तुझा खोकला ऐकू आला, की जिवात जीव यायचा. लिही. काही गाळू नकोस.”