चतुर्थीचं पाणी गेलं कुठे?

दुपारचे तीन वाजले. कस्तुरीच्या हिशोबाने या घडीला समुद्र काठोकाठ भरलेला असायला हवा होता. समुद्र मात्र खाली चालला होता, आणि तोही घाईत असल्यासारखा. मघाशी पाण्यातून जेमतेम टाळकं वर काढून बसलेला खडक आता खांद्यापर्यंत उघडा पडला होता, आणि त्याच्या अंगावरचे खेकडे इकडेतिकडे बघत होते.

कस्तुरीने हातातलं पंचांग उघडलं. वैशाख शुद्ध चतुर्थी. तिने पंचांग मिटलं, पुन्हा उघडलं. चतुर्थीच होती.

हे सगळं सुरू झालं होतं सकाळी अकराला, उन्हावर चालणारं संशोधन जहाज 'निःपक्ष' इथे पोचलं तेव्हा. कस्तुरी चोगले अकरा वर्षांची, कोकणातल्या हर्णैची. तिचे आजोबा डॉ. मधुसूदन चोगले प्रवाळाचे (समुद्रातल्या बारीक जिवांनी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेल्या दगडी वसाहतींचे) शास्त्रज्ञ. उन्हाळ्याची सुट्टी होती, म्हणून त्यांनी नातीला बरोबर आणलं होतं.

इथल्या समुद्राला पिलांग देशाचे लोक पिलांगचा उपसागर म्हणायचे आणि तोरवा देशाचे लोक तोरव्याचा उपसागर. मधल्या खडकालाही दोन नावं, दोमा आणि सिकू. खडक बॅडमिंटनच्या कोर्टाएवढा. त्यावर पिलांगने एक टपालपेटी ठोकली होती, म्हणून तोरव्याने एक बाक आणून ठेवला होता. टपालपेटी महिन्यातून एकदा उघडली जायची आणि आतून खेकडा निघायचा.

एवढ्याशा खडकासाठी भांडण का, तर समुद्राच्या कायद्यामुळे. भर समुद्रातला जो खडक पूर्ण भरतीच्या वेळीही आपणहून पाण्यावर राहतो, तो ज्याचा असेल त्याला भोवतालचं बारा सागरी मैल (जमिनीवरच्या मैलापेक्षा जरा मोठा मैल) पाणी मिळतं. जो भरतीत बुडतो त्याला काहीच मिळत नाही. वर टपालपेटी लावा नाहीतर राजवाडा बांधा, माणसाने केलेलं धरत नाहीत. म्हणजे एकच गोष्ट बघायची होती. भरती पूर्ण भरली की खडक दिसतो का?

"सोपं आहे की," कस्तुरी म्हणाली होती. "भरती कधी आहे?"

तिथेच घोडं अडलं. जहाजावर समतोल नावाचा एक यंत्रमानव होता. दोन्ही देशांशी सारखं वागायचं हे त्याचं काम. एकाला चहा दिला की तीन सेकंदांच्या आत दुसऱ्याला द्यायचा.

"माझ्या स्मृतीत दोन्ही देशांची भरतीची वेळापत्रकं होती," समतोल म्हणाला. "पिलांगने तोरव्याचं पुसायला लावलं. मग तोरव्याने पिलांगचं पुसायला लावलं. आता मला भरतीविषयी काहीही माहीत नाही. हे ज्ञान दोघांनाही मान्य आहे."

मोजणीसाठी आलेल्या पिलांगच्या प्रतिनिधी ओरिनबाई आणि तोरव्याचे प्रतिनिधी बाकूसाहेब एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसून दोन वेगवेगळ्या खिडक्यांतून बाहेर बघत होते.

आजोबा पाण्यात उतरले होते, प्रवाळ बघायला. ते असते तर पुढचं घडलंच नसतं. पण ते नव्हते, आणि कस्तुरीला गप्प बसवेना.

"आमच्याकडे वेळापत्रक लागतच नाही," ती म्हणाली. "आमचे बाबा होडी काढायच्या आधी तिथी बघतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. आज चतुर्थी, म्हणजे चार. चाराची पाऊणपट तीन. तीन वाजता भरती पूर्ण. हर्णैचं शेंबडं पोरसुद्धा सांगेल."

समतोलने हे दोन भाषांत सांगितलं. दोघांनी पहिल्यांदाच खिडकी सोडून तिच्याकडे पाहिलं.

"हे गणित कोणत्या देशाचं?" ओरिनबाईंनी विचारलं.

"चंद्राचं."

चंद्राशी दोघांचंही भांडण नव्हतं. अर्ध्या तासात करार झाला. 'चोगले पद्धतीनुसार दुपारी तीन वाजता भरती पूर्ण होईल. तेव्हाची मोजणी अखेरची. फेरमोजणी नाही.' कस्तुरीने कराराचा फोटो काढला, बाबांना दाखवायला. चोगले पद्धत. बाबांनी हे वाचलं की ते होडीवर रंगवूनच घेणार होते.

आणि आता तीन वाजले होते आणि पाणी पळत होतं.

कठड्याशी एक होडी लागली होती. होडीत लेयोमावशी. ती रोज याच खडकाभोवती जाळं टाकायची आणि आज जहाजावर मासळी विकायला आली होती. तिने खडकावर लावलेली मोजपट्टी बघितली, पंचांग धरलेली मुलगी बघितली आणि पोट धरून हसत सुटली. मग बरंच काही बोलली.

"या बाई नम्रपणे असहमत आहेत," समतोलने भाषांतर केलं.

"एवढंच बोलल्या त्या?"

"बाकीचं दोन्ही देशांच्या संदर्भात होतं. ते मी समान प्रमाणात गाळलं."

कस्तुरी कठड्यावरून वाकली. "मावशी, पाणी कधी भरतं इथे?"

"सकाळी," लेयोमावशी म्हणाली, आणि समतोलने या वेळी काही गाळलं नाही. "आजचं भरून झालं. आता उद्या, आठच्या सुमाराला."

"आणि आज संध्याकाळी?"

"संध्याकाळी कशाला? एका दिवसात समुद्राने किती वेळा यायचं?"

"आमच्याकडे दोनदा येतो."

लेयोमावशीने दयेने मान हलवली. "तुमच्या समुद्राला दुसरं काम नसेल."

कस्तुरीचं डोकं गरगरलं. चंद्र एकच. पाणी एकच, एकमेकांना जोडलेलं. मग हर्णैला दोनदा आणि इथे एकदा, हे कसं काय?

तोवर टेबलाशी आनंदीआनंद झाला होता. 'पूर्ण भरतीत' खडक पुरुषभर उंच उभा. म्हणजे नक्कीच बेट. ओरिनबाईंना खात्री होती ते त्यांचं, बाकूसाहेबांना खात्री होती ते त्यांचं. दोघांनी मोजणीच्या कागदावर सही करायला पेनं काढली.

"मावशी," कस्तुरीने हळूच विचारलं, "खडक यांच्यापैकी एकाचा झाला तर?"

लेयोमावशीचं हसू थांबलं. "मला तोरव्यात दिली. माझी बहीण पिलांगात. दोघी इथेच जाळं टाकतो, आमची आई टाकायची तसं. ज्याचा खडक त्याचं पाणी. मग आमच्यातली एक घरी बसणार. कोण, ते हे लोक ठरवतील."

कस्तुरीने मोबाइलमधला तो फोटो पाहिला. चोगले पद्धत. गप्प बसलं तर कुणाला कळणार नव्हतं. निदान उद्या सकाळी आठपर्यंत नाही, आणि तोवर शाई वाळली असती.

"थांबा," ती म्हणाली. "माझं चुकलं. ही भरती नाहीच."

समतोलने ते दोन भाषांत, एकाच वेळी, सारख्या आवाजात सांगितलं, त्यामुळे ते फारच मोठं वाटलं.

बाकूसाहेबांनी करारावर बोट ठेवलं. "तीन वाजता भरती असं इथे लिहिलंय. समुद्राने करार पाळला नाही, तर तो समुद्राचा प्रश्न."

ओरिनबाईंनी मान डोलावली. सहा वर्षांच्या भांडणात आज दुसऱ्यांदा दोघांचं एकमत झालं होतं, आणि पुन्हा चुकीच्याच गोष्टीवर.

तेव्हा आजोबा शिडीवरून वर आले, गळत. "मी दोन-तीन तास खाली काय गेलो," ते म्हणाले, "तुम्ही काय करून बसलात?"

कस्तुरीने सगळं सांगितलं. आजोबा रागावले नाहीत, पण हसलेही नाहीत. त्यांनी स्वयंपाकघरातली सगळ्यात मोठी परात मागवली आणि तिच्यात अर्ध्यापर्यंत पाणी ओतलं.

"ही धरा आणि चाला," त्यांनी ओरिनबाईंना सांगितलं. बाकूसाहेबांनी हरकत घेतली. परात एकाच देशाच्या हाती कशी? मग दोघांनी दोन कडा धरल्या.

"भरभर चला."

दोघं तुरुतुरु चालले. पाणी नुसतं थरथरलं.

"आता सावकाश. एक, दोन. एक, दोन."

दोघांची पावलं एका तालात पडायला लागली, तसं पाणी इकडच्या कडेवरून तिकडच्या कडेवर जाऊ लागलं. चौथ्या फेरीला उसळी मारून ते दोघांच्या कपड्यांवर सांडलं, मोजून सारखं.

"थांबू नका, आता कुठे ताल लागलाय," आजोबा म्हणाले, त्यामुळे दोघं आणखी दोन पावलं चालले आणि बुटांतही पाणी गेलं. "कस्तू, काय दिसलं?"

"भरभर हलवलं तर पाणी ऐकत नाही. सावकाश हलवलं की उसळतं."

"आणि हाच खेळ पेल्यात केला असता तर?"

कस्तुरीने पेला घेऊन करून पाहिलं. "उलट. पेल्यातलं पाणी भरभर हलवल्यावर उसळतं."

"प्रत्येक भांड्यातल्या पाण्याचा आपला एक झोका असतो. लहान भांड्याचा झोका झटपट, मोठ्याचा संथ. बाहेरून धक्का बरोबर त्या तालात बसला की पाणी मोठं उसळतं. याला म्हणतात अनुनाद (स्वतःच्या झोक्याच्या तालात धक्का मिळून वाढत जाणारी हालचाल). समुद्र म्हणजे एक भलंमोठं भांडंच."

"आणि धक्का देतो चंद्र."

"मुख्यतः चंद्र, थोडा सूर्य. चंद्राच्या ओढीने पृथ्वीवरचं पाणी दोन बाजूंना फुगतं. पृथ्वी फिरता फिरता दोन्ही फुगवट्यांखालून जाते, म्हणून दिवसातून दोन धक्के. पण चंद्र नेहमी बरोबर विषुववृत्ताच्या वर नसतो. कधी उत्तरेला सरकतो, कधी दक्षिणेला. मग दोन फुगवट्यांतला एक मोठा लागतो, एक लहान. म्हणजे चंद्र एकाच वेळी दोन ताल वाजवतो. एक साधारण साडेबारा तासांचा, दुसरा साधारण पंचवीस तासांचा."

कस्तुरीने परातीकडे पाहिलं, मग पेल्याकडे, मग बाहेर. "हर्णैच्या समुद्राला साडेबारा तासांचा ताल मानवतो. या समुद्राला पंचवीसचा. चंद्र तोच, भांडं वेगळं."

"बाबांची पाऊणपट चुकीची नाही," आजोबा म्हणाले. "ती हर्णैच्या भांड्याची आहे. तू ती दुसऱ्या भांड्यात ओतलीस."

बाकूसाहेब कोट पिळत होते. "तरीही करार..."

"सही करा की," आजोबा शांतपणे म्हणाले. "खोट्या भरतीवरची सही उद्या मोडायला कोण जाईल? जो हरेल तो. आणि तुमच्यातलं कोण हरणार, हे अजून ठरलेलं नाही."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोन पेनांची टोपणं लागली. समतोलने नोंद केली की ती एकाच क्षणी लागली. ओरिनबाईंचं जरासं आधी लागलं होतं, पण तेवढं त्याने गाळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे कठड्याशी उभे होते. सातला खडकाच्या खालच्या अंगाला ठेवलेल्या बाकाचे पाय बुडाले. साडेसातला बाकावर बसायच्या जागी दोन पट्टेरी मासे आले. आठ वाजता खडकाच्या माथ्यावर वीतभर पाणी होतं, आणि टपालपेटीचं तेवढं तोंड वर होतं, पत्राची वाट बघत असल्यासारखं.

"दोमा किंवा सिकू, सिकू किंवा दोमा," समतोल म्हणाला, "सध्या उपलब्ध नाही."

मोजणीच्या कागदावर लिहिलं गेलं की खडक भरतीत बुडतो, म्हणून त्याला स्वतःचं पाणी नाही. ओरिनबाई आणि बाकूसाहेब दोघंही नाराज होते, पण सारखेच. त्यामुळे समतोल खूश दिसत होता. लेयोमावशीने खडकाला वळसा घातला आणि जाळं फेकलं. लांबून दुसरी एक होडी येत होती, आणि तिच्यातून कुणीतरी हात हलवत होतं.

दुपारी लेयोमावशी मासळी घेऊन आली तेव्हा कस्तुरी समोर पंचांग ठेवून बसली होती.

"मावशी, इथे मोठं पाणी कधी येतं, पौर्णिमेला?"

"पौर्णिमेचं काय घेऊन बसलीस? चंद्र पार उत्तरेच्या टोकाला गेला की मोठं पाणी, पार दक्षिणेला गेला की पुन्हा मोठं. मधे असला की समुद्र झोपतो. कालपासून बघ, उत्तरेच्या टोकाला आहे."

कस्तुरीने तिथीच्या रकान्यावरून बोट उचललं आणि शेजारच्या रकान्यावर ठेवलं. नक्षत्र (चंद्र आकाशातल्या कोणत्या तारकांपाशी आहे ते). कालच्या तारखेसमोर लिहिलं होतं, मृग. ती आजोबांकडे धावली. "आजोबा, मृगात चंद्र कुठे असतो?"

"उत्तरेकडे, जवळजवळ टोकाला. का गं?"

"पंचांग बरोबरच होतं. मी रकाना चुकीचा वाचत होते." ती पानं उलटत राहिली. "आणि मूळ नक्षत्रात तो दक्षिणेला जाणार, बरोबर? म्हणजे दोन आठवड्यांनी इथे पुन्हा मोठं पाणी."

"असेल," आजोबा म्हणाले. "तपासून बघायला हवं."

कस्तुरीने वहीत नवा नियम लिहिला. समतोलने विचारलं की याला नाव काय द्यायचं, दोन्ही देशांना कळवावं लागेल. तिने थोडा विचार केला. मग पेन ठेवून पेन्सिल घेतली आणि वर लिहिलं, 'लेयोमावशीला विचारून केलेला नियम. मूळ नक्षत्राच्या दिवशी होडीतून जाऊन तपासायचा आहे.'

समतोलने ते वाचून दाखवलं. लेयोमावशीने टोपलीतला सगळ्यात मोठा मासा उचलून कस्तुरीच्या वहीवरच ठेवला आणि काहीतरी म्हणाली.

"काय म्हणाली?"

"होडीत जागा आहे, म्हणाली," समतोल म्हणाला. "पण परात आणायची नाही."