केसरबाईच्या चपला

अख्ख्या सिंदेवाहीत माझ्याइतका हुशार घरमालक सापडायचा नाही. कोणालाही विचारा. फक्त आमच्या शकुबाईला विचारू नका. ती बायको आहे, तिला खरं माहीत आहे. खरं म्हणजे माझ्या खोल्या दोन, आणि दसऱ्यापासून त्यांत राहायला एक पालसुद्धा आली नव्हती.

सरका जरा दिव्याजवळ. आणि चपला बाहेर नका ठेवू, आत घ्या. का ते सांगतो.

पोंभुर्ण्याकडे शकुबाईच्या माहेरच्या धानाच्या शेताची एक बांधी तिच्या वाट्याला आलेली होती. मीच तिच्या मागं लागलो. "बांधी तुले वर्षातून एकदा धान देते. खोल्या बांधल्या तं दर महिन्याले किराया येईन. तुह्या हातात येईन, माह्या नाई." तिनं ऐकलं, बांधी विकली. घरामागं बोडीच्या काठाला, म्हणजे आमच्या लहान तळ्याच्या काठाला, दोन खोल्या उभ्या झाल्या. मध्ये एक भिंत, वर टिना, पुढं एकच अंगण. माझ्या डोक्यात तर पुढच्या चार खोल्यांचं बांधकामही सुरू झालं होतं. किरायदार तेवढा यायचा राहिला.

लोक येत, भिंतीवर टकटक करून पाहत आणि विचारत, "यात कोणी राह्यलं नाई ना अजून?" आमच्याकडची ही खोडच आहे. नव्या खोलीत पहिलं पाऊल दुसऱ्या कोणाचं तरी पडलेलं हवं. त्यात मागं बोडी. एकेक करून सगळे गेले. शकुबाई माझ्याशी बोलेनाशी झाली. ताट ठेवायची, पाठ फिरवायची. गावभर लोकांना हसवणारा मी, आणि माझ्या घरात वाटीसुद्धा हळू वाजायची.

मग मी किरायदार पैदाच केली.

नाव ठेवलं केसरबाई. जंगलातल्या गावांत फिरणारी नर्स. उजाडायच्या आत जाते, दिवेलागणीनंतर येते, म्हणून कोणाला दिसत नाही. पहिल्या खोलीच्या दाराबाहेर चपला ठेवल्या. एक माळ्यावर सापडली होती, एक बोडीच्या चिखलात. दोन्ही डाव्या निघाल्या, पण वाकून कोण पाहणार? शकुबाईचं जुनं हिरवं लुगडं दोरीवर टाकलं. अंगणात शेणाचा सडाही मीच घालायचो, कोणी उठायच्या आत. चहाच्या टपरीवर बसून तिचा स्वभावही घडवला: डोकं गरम, तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा, भात शिजताना गुणगुणते. एकदा एक गिऱ्हाईक आलं, तेव्हा मागच्या खिडकीतून आत शिरून बाईच्या आवाजात खोकलो. तरुणपणी नाटकात लुगडं नेसून पार्ट केलेत, ते काय वाया जातात?

धान कापून झालं होतं. बांध्यांमध्ये धानाच्या पेंढ्यांचे पुंजणे उभे होते, सगळीकडे तणसाचा वास. सकाळी बोडीवरचं धुकं उठायचं आणि अंगणात येऊन बसायचं, ओळखीच्या पाहुण्यासारखं. त्यात माझ्या खोल्या अर्ध्या दिसायच्या, अर्ध्या नाही. झोपेतून उठलो की झोपेतच आहे, हे कळायचं नाही.

अशा एका सकाळी लुगडं ओलं होतं. धुक्यानं, म्हटलं. पण पदरातून पाणी टपकत होतं आणि कापडावर पिळल्याच्या सुरकुत्या होत्या. मी खूश झालो. शकुबाईनं माझी मस्करी माझ्यावरच उलटवली होती! बोलत नाही तर नाही, खेळते तरी.

दुसऱ्या दिवशी सडा घालायला गेलो, तर घातलेला. ताजा. बंद दाराच्या फटीतून नव्या तांदळाच्या भाताचा वास येत होता, गोड, वाफेचा... आत कोणीतरी हलकंच गुणगुणत होतं. दाराला बाहेरून कुलूप, किल्ली माझ्या करदोट्याला. मी खाली पाहिलं.

ओल्या शेणावर चपलांचे ठसे होते. दारापासून बोडीपर्यंत, बोडीपासून दारापर्यंत. डावा, डावा, डावा, डावा... उजवा एकही नाही.

मग आतून खोकला आला. माझाच खोकला हो तो, नाटकातला. आणि मी बाहेर उभा!

त्याच दुपारी हाजराबाई आली. नवरा वारलेला, शिवणकामावर पोट. ऑटोत शिलाई मशीन आणि एक पेटी. मी खोली दाखवायला उठलो, तर म्हणाली, "पाह्यली भाऊ. बाजूच्या बाईनं दाखवली."

"कोणत्या बाईनं?"

"केसरबाईनं. मले एकटीले सोबत पाहिजे होती. थे हाय म्हणून खोली घेऊन राह्यली मी."

पहिला किराया तिनं शकुबाईच्या हातात ठेवला. शकुबाईनं तो कपाळाला लावला आणि माझ्याकडे वळली. "अवो, चाय घेता का?"

दसऱ्यानंतरचे तिचे पहिले शब्द. आता तुम्हीच सांगा, अशा चहाच्या कपात मी काय सांगणार होतो? बशीत ओतून प्यायलो.

दिवस गोड गेले, असं म्हणावं लागेल. दुपारी मशीनची घरघर, मधूनच दोन बायकांचं हसणं. शकुबाई भाकरी थापताना ते ऐकायची आणि म्हणायची, "चांगली बाई हाय थे केसरबाई. पण सामनी येत नाई." मी मान हलवायचो. ठसे मात्र आता बोडीकडे जात नव्हते. रोज सकाळी थोडे थोडे आमच्या घराकडे सरकत होते. काल तुळशीपर्यंत, आज पायरीपर्यंत...

पायरी ओलांडायच्या आत काहीतरी करायला हवं होतं. मी माझ्या चपला पायात सरकवल्या आणि धुक्यातून हाजराबाईच्या दारात गेलो. ती सुईत दोरा ओवत होती.

"हाजराबाई, बाजूच्या खोलीत कोणी नाई."

"आत्ताच तं बोलली माह्याशी."

"मीच उठवली थे गोष्ट. लुगडं शकूचं, चपला कचऱ्यातल्या..."

ती पोट धरून हसली. "केसरबाई बोललीच होती, भाऊ लय मस्कऱ्या हाय म्हून."

"तुमच्या मशीनची शपथ, बाई!" जन्मभर मी खोटं बोललो आणि लोकांनी खरं मानलं. हे एकच खरं सांगायला गेलो, तर... "बरं, असंन ना थे, तं तिले म्हणा खोली खाली कर. लुगडं घेऊन जा. किराया नको, काई नको."

हाजराबाईचं हसू थांबलं. "थे गेली तं मीबी जाईन, भाऊ. या बोडीवर एकटी नाई राहत मी."

घरातून शकुबाईचा आवाज येत होता. कोणाशी तरी फोनवर, तोंड भरून, माझ्या खोल्यांचं कौतुक करत होती. विकलेल्या बांधीचं नाव नाही, सुस्कारा नाही. धुकं गुडघ्यापर्यंत आलं होतं.

"तरी म्हणा," मी म्हणालो.

हाजराबाई उठली. मधल्या भिंतीला तोंड लावून काहीतरी कुजबुजली, मग कान लावला. बराच वेळ ऐकत राहिली, मधेच मान हलवली. भाताचा वास आला, गोड, वाफेचा. मग ती माझ्याकडे वळली आणि मोठी माणसं लहान पोरावर रागावतात तशी रागावून म्हणाली,

"जायले तयार हाय थे. पण दोन्ही डाव्या घालून किती दूर जाईन बिचारी? उजवी तुमच्या पायात हाय म्हणते, भाऊ... काऊन लपवून ठेवली?"