गाळलेले आकडे

"अहो मॅडम, आमच्या शिखंग गावचे दिवे पेंगायला लागलेत... येता का त्यांना उठवायला?"

चार वर्षांपूर्वी तक्रारीच्या फोनवर ऐकलेला हा आवाज. मी हसले, तक्रार लिहून घेतली. आवाज मात्र जवळच ठेवला.

यंदा नवं वर्ष उलटताच विजेचा दाब मोजायचं यंत्र बसवायला त्या डोंगरातल्या गावी गेले, तर चहाच्या छपरीतून तोच आवाज — "जपून, पायाखाली करंड्या आहेत!"

"दिवे उठले का हो?" मी विचारलं.

तो वळला. ओळखलं त्यानं. कानाच्या पाळ्या लाल... "म्हणजे त्या मॅडम तुम्ही? फारच लवकर आलात!"

बोयुआन त्याचं नाव. मग यंत्र तपासायच्या निमित्तानं मी दर आठवड्याला जाऊ लागले. तो इवल्या पेल्यात चहा ओतायचा; मी रीतीप्रमाणे मेजावर दोन बोटं टेकवून आभार मानायची.

"एवढी हळू टिचकी? चहा आवडला नाही वाटतं."

"चहा आवडला. ओतणारा जरा बडबड्या आहे."

उतारावर धुकं उतरायचं, मळ्यात कोंब फुटायचे. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही.

"यंदा पानं भाजायला कढईवर तूच ना?" एकदा मी विचारलं.

"चुलतभाऊ." तो हसला, पण उगीचच. "गेल्या हंगामात माझ्या हातून पानं लाल पडून वाया गेली. घरोघरी विजेच्या कढया तापल्या, आमची मधेच गार झाली. मी म्हटलं, दाब पडला. बाबांनी तुमच्या कचेरीचा कागद पुढे केला — शिखंगला दाब पुरेसा राहील! आता मलाच वाटतं... माझाच डोळा लागला असेल."

तो कागद माझा होता. कुठल्या गावात दाब कधी ढासळेल, हे आधी सांगणं माझं काम. शिखंगचे आकडे इतके खाली होते, की मीटर बिघडलाय म्हणून मी ते गाळले. बिघडलेले आकडे आम्ही गाळतोच. एक फोन केला असता तर... उरलेल्या आकड्यांत गाव कसं लख्ख दिसत होतं!

त्या दिवशी बोटं मेजाला टेकलीच नाहीत. पुढचे तीन आठवडे तो हसायचा, मी पेल्यात बघायची.

पहिल्या तोडणीला भरदुपारी सारं घर छपरीत जमलं. त्याच्या वडिलांनी कढईचे सुती हातमोजे पुतण्याच्या हाती दिले. "आणि तू करंड्या उचल," ते बोयुआनला म्हणाले. तो मुकाट वाकला...

"थांबा, काका!"

सगळे वळले.

"गेल्या वर्षी दाब खरंच पडला होता. तुमचा मुलगा झोपला नव्हता. त्या कागदावरचा शिक्का माझा आहे. खरे आकडे मीच खोटे समजून गाळले."

बोयुआननं करंडी खाली ठेवली. "कधीपासून माहीत होतं तुला?"

"तीन आठवडे."

"आणि गप्प बसलीस?"

मान वर होईना.

"तुझं हसणं थांबेल म्हणून... मला तू हवा होतास, बोयुआन. खरं सांगण्यापेक्षाही जास्त हवा होतास — त्याचीच लाज वाटते."