आखरावरची तार

दुधाची कॅन घेऊन भूमेश्वरी ढाब्याच्या दारात आली आणि तिथंच अडली... आत जायला वाटच नव्हती.

सडक अर्जुनीच्या अलीकडच्या त्या ढाब्यावर दुपारी एरवी दोन-चार ट्रकवाले पेंगत पडलेले असायचे. आज सगळ्या खाटा टीव्हीकडं तोंड करून भरल्या होत्या. पडद्यावर मोठ्या टोप्यांचे गोरे लोक घोडे दौडवत होते आणि फर्ड्या हिंदीत एकमेकांना धमकावत होते. हजार गाईंचा मालक असलेला एक म्हातारा, आणि त्याचं कुरण गिळायला टपलेला काळ्या टोपीवाला शेठ.

"सरका जी जरा. दूध नासन."

दारातल्या खुर्चीवरचा तरुण मान न वळवताच म्हणाला, "थांबा जी थोडं. म्हाताऱ्याच्या कळपावर गोळ्या सुटून राहिल्या."

"गोळ्या तिकडं सुटून राहिल्या, तं तुमचे पाय इकडं काऊन आखडले?"

त्यानं मान वळवली. बघितलं... आणि पाय ओढून घ्यायचं विसरलाच. तेवढ्यात पडदा काळा झाला. पंखा थांबला. सगळ्या ढाब्यानं लोडशेडिंगला एका सुरात शिव्या घातल्या.

"आता? म्हाताऱ्याचं कुरण वाचलं का नाई?" भूमेश्वरीच्या तोंडून निघून गेलं.

"मले काय माईत?" तो हसला. "शेवट ठाऊक असता तं इथं गरमीत बसलो असतो का?"

त्यानं तिच्या हातातली कॅन उचलून आत नेली. "बाप रे! एवढं दूध? घरी किती ढोरं हायेत?"

"साठ. गायवाले रेवाराम म्हना, अख्खा तालुका दाखवते घर. माहे बाबूजी."

कॅन ठेवता ठेवता त्याचा हात किंचित थबकला.

"आन तुमी काय करता जी?"

"मी? मुर्रीचा हेमेंद्र. खांब गाडतो... तार ओढतो."

"कोनाची?"

"ज्याची असन त्याची," तो म्हणाला. पण या वेळी हसला नाही.

संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावताना वात दोनदा विझली. कार्तिकस्नान सुरू होतं. या दिवसांत देवापुढं बसलं की भूमेश्वरीचं मन कसं अलगद निवायचं. त्या दिवशी मात्र स्तोत्राच्या मधल्याच ओळीवर ते अडलं... म्हाताऱ्याचं पुढं काय झालं असेल? आणि कॅन ठेवताना तो थबकला का? चुलीवरचं दूध उतू गेलं तेव्हा कुठं ती भानावर आली.

सकाळी न्हाऊन, पहिली पोळी पदरात घेऊन ती आखराकडं निघाली. आखर म्हणजे गावालगतची मोकळी जागा. सकाळी गावाची सगळी ढोरं तिथं गोळा होतात, मग बिसराम गायकी त्यांना रानात हाकतो. तिथं गाईच्या मुखी पोळी घातल्याशिवाय भूमेश्वरी पाणीही पीत नसे. आईनं सांगितलेलं व्रत. आई गेली, व्रत राहिलं.

दवात भिजलेल्या गवतातून ती गेली आणि... मोहाच्या झाडापासून नाल्यापर्यंत सिमेंटचे खांब उभे. खांबांतून काटेरी तार. आणि तार ओढणारा तो!

"तुमी?"

हेमेंद्रच्या हातातली पकड खाली पडली.

"म्हंजे तुमी त्या काळ्या टोपीवाल्याचे मानूस!"

"मामा हाय माहा," तो खालमानेनं म्हणाला. "छोटेलाल शेठ, गोंद्याचे. त्यायनं बाजूचं वावर घेतलं. म्हनतात, आखर त्याच्यातच येते."

"येते म्हनल्यानं येते का? हायवे मोठा होऊन राहिला, म्हनून आखर दिसला का तुमच्या मामाले? साठ ढोरं आमची, गावाची अलग. त्यायनं पाय कुठं ठेवायचे?"

ती वळणार, तोच हेमेंद्रनं खालची तार पायानं दाबली आणि वरची हातानं उचलली. मधे तिच्यापुरती वाट झाली.

"पोळी चारून घ्या," तो म्हणाला. "गाय कवाची तुमच्याकडं पाहून राहिली."

ती वाकून आत गेली. पदर तारेत अडकला. त्यानं तो एवढ्या हलक्या हातानं सोडवला, की तिला कळलं नसतं... पण कळलं.

मग रोजचं तेच झालं. ती यायची, तो तार उचलायचा. बोलणं भांडणाचं, आवाज मात्र दिवसागणिक मऊ.

"आज च्या नाई घेतला का जी, खांबवाले? डोळे कसे झाले!"

"तू पोळी चारल्याबिगर पानी पीत नाई, असं बिसराम सांगत होता. मंग मी कायले च्या पिऊ?"

त्याच्या तोंडच्या 'तुमी'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. आणि ती घरी जाऊन तांदूळ दोनदा धूत बसायची, मीठ दोनदा घालायची.

रेवारामांचा जीवही थाऱ्यावर नव्हता. अंगणात काठी टेकत ते येरझाऱ्या घालत. "आखर गेला तं ढोरं इकावी लागतीन, पोरी. आखराबिगर कळप म्हंजे घराबिगर मानूस." भिंतीपलीकडं रवंथ करणाऱ्या गाईंचा आवाज यायचा, आणि ज्या माणसामुळं हे सगळं जाणार होतं त्याच्याच हाताची आठवण आपल्याला का यावी, या विचारानं तिला देवाकडं बघायचीही लाज वाटायची.

दिवाळीच्या दिवशी तिनं त्याला सरळच विचारलं. "काम सोडून काऊन नाई देत?"

"मी सोडलं तं मामा दुसरा आनन." तो तारेशी चाळा करत राहिला. "सिमेंटचं दुकान टाकून देतो म्हनला मामा मले, गोंद्याले. थे बी जाईन. पन थे जाऊ दे... उद्या सकाळी तहसीलचे सायेब येऊन राहिले जागा पाहाले. मामानं सांगतलं त्यायले, इथं ढोर येतच नाई, पडीक हाय. सायेब यायच्या आंधी तार बंद पायजे, असा हुकूम हाय."

"उद्या? पाडव्याले?"

"मामा म्हनते, सनाच्या दिवशी समदे घरी खात बसतीन."

भूमेश्वरी त्याच्याकडं बघतच राहिली. गोंदियाच्या गादीवर बसून छोटेलाल शेठ पाडव्याची गायगोधनाची पूजा विसरला होता! पाडव्याच्या सकाळी या गावात घरी कोण असतं? अख्खं गाव आखरावर असतं.

"तुमी सांगतलं नाई त्यायले?"

"मले कोनी विचारलं नाई," हेमेंद्र म्हणाला, आणि खाली बघून तारेचे तुकडे वेचू लागला.

पाडवा उजाडला. धुकं होतं, पिकल्या धानाचा गोड वास होता. शिंगं रंगवलेल्या, गळ्यात झेंडूच्या माळा घातलेल्या गाई आखरावर गोळा झाल्या. डफ वाजू लागला. बायांनी शेणाचं गोधन रचलं, त्यावर फुलं वाहिली. तार एका कोपऱ्यात तेवढी उघडी होती. तिथं हेमेंद्र उभा होता, हातात भेंडोळं घेऊन.

गाई आत घालता घालता भूमेश्वरीनं त्याच्याकडं बघितलं. आता हा काय करणार?

शेवटची गाय आत गेली. मागं एक लंगडं वासरू रेंगाळत होतं. हेमेंद्रनं त्याला हाकललं नाही. तारेवर पाय ठेवून वाट बघितली... वासरू टुणटुणत आत आलं. मग त्यानं कोपरा बंद केला. पीळ घातला, वर आणखी एक पीळ.

तहसीलच्या साहेबांना घेऊन धुरळा उडवत जीप आली. छोटेलाल शेठ खाली उतरले आणि जागीच खिळले. त्यांच्या नव्याकोऱ्या तारेच्या आत डफ, गाव, आणि शंभरावर ढोरं!

"गधे! आंधी ढोरं हाकलायचे, मंग तार बांधायची!"

"तुमी म्हनलं, सायेब यायच्या आंधी बंद पायजे," हेमेंद्र गरिबासारखा बोलला. "केली बंद."

"अबे खोल जल्दी!"

"पकड मुर्रीले राह्यली, मामाजी."

साहेबांनी तारेबाहेरूनच सगळं न्याहाळलं. खुरांनी पिढ्यान्‌पिढ्या तुडवून घट्ट केलेली जमीन बघितली. गोधनावरून गाई धावत गेल्या तेव्हा त्यांनी नकळत हातही जोडले. मग शेठकडं वळून म्हणाले, "ही पडीक जागा? शेठ, हा तर गावचा आखर आहे. तार काढून घ्या. सणाच्या दिवशी मला यासाठी उठवलंत?"

जीप आली तशी गेली. जाताना शेठ ओरडले, "हेमेंद्र! दुकानात पाय ठेवू नको आता माह्या!"

गाव हसून हसून लोटपोट झालं. रेवारामांच्या डोळ्यांत तर पाणी आलं. "असा बयाड पोरगा नाई पायला बापा! ढोरं आत आन तार बाहेर!"

फक्त भूमेश्वरी हसली नाही. तिनं ते वासरू बघितलं होतं.

त्या गावात गाईंनी तुडवलेल्या गोधनाचा टिळा एकमेकांना लावतात. टिळा लावलेल्या माणसाशी वैर धरत नाहीत. ती तारेपाशी आली. तो पलीकडं एकटाच उभा होता.

"चूक नव्हती थे," ती हळूच म्हणाली.

"नव्हती."

"दुकान गेलं तुमचं."

"गेलं." त्यानं तिच्याकडं बघितलं. "मले दुसरंच काही जाईन याचं भेव होतं."

तिचा हात तारेवरून पुढं झाला, आणि त्याच्या कपाळावर टिळा उमटला. त्यानं डोळे मिटले... उघडायला बराच वेळ लावला.

"आता एक सांगा. त्या सिनेमातल्या म्हाताऱ्याचं कुरण वाचलं का?"

"वाचलं."

"तुमाले कसं माईत?"

"दोनदा पायला होता आंधी," तो ओठातल्या ओठात हसला. "पन तवा सांगतलं असतं, तं तू पुन्हा काऊन बोलली असती माह्यासंगं?"

"लबाड! आन... म्हाताऱ्याची पोरगी?"

"थे तारवाल्याच्या मांगं घोड्यावर बसून जाते."

"आमच्या घरी घोडा नाई जी."

"माह्यापाशी सायकल हाय."

ती लाजून वळली, तर मागं बाबूजी! काठीवर दोन्ही हात ठेवून, कपाळावर टिळा, मिशीत काहीतरी लपवत.

"काऊन गा, खांबवाले," ते खाकरले. "मुर्रीहून पकड घेऊन ये, थे तार काढ. मंग आमच्या गोठ्याले फाटक बसवून दे."

"कवा येऊ जी?"

"उद्यापासून रोज ये. फाटकाले टाइम लागते."

"आन या बारीले," रेवाराम जाता जाता म्हणाले, "कोन आत हाय, कोन बाहेर, थे पाहून बंद करजो."

भूमेश्वरीनं पदरातली पोळी सोडली. घास गाईच्या मुखी दिला. उरलेली अर्धी तारेपलीकडं केली.

"घ्या. तुमी बी सकाळपासून उपाशीच असान."

त्यानं तिच्या तळहातावरून पोळी उचलली, आणि तिच्या मनाची इतक्या दिवसांची ती येरझार क्षणभर थांबली... मग दुप्पट वेगानं सुरू झाली. उद्याची सकाळ अजून किती लांब होती!