मेणातला तुकडा

"हे एवढंसंच?"

काउंटरच्या पलीकडून प्रश्न आला आणि माझं टाळकं सरकलं. शनिवारची दुपार, बाहेर ऑक्टोबरची तलखी, डोक्यावर नुसता आवाज करणारा पंखा... आणि समोर निळ्या शर्टातला एक उंच माणूस काउंटरवरच्या मेणाच्या चौकोनाकडे असा बघत होता, जणू हलवायाने वजनात मारलंय.

"मग काय, पोतं भरून देऊ?" मी म्हटलं.

तो हसला नाही. "तसं नाही... बाबांच्या फुप्फुसातला तुकडा म्हणजे... मला वाटलं होतं—"

"मोठा असेल. सगळ्यांनाच वाटतं."

मग मलाच कसंतरी झालं. जरा नीट सांगितलं. उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या या लॅबमध्ये माझं काम हेच. डॉक्टरांनी शरीरातून काढलेला तुकडा यायचा, तो मी मेणात बसवायची, त्याचे केसाहून पातळ काप काचेवर घेऊन रंगवायची, आणि आमच्या लालवाणी मॅडम ते दुर्बिणीखाली बघून निदान करायच्या. उरलेला मेणाचा ठोकळा, म्हणजे ब्लॉक, आम्ही जपून ठेवतो. पुढच्या तपासण्यांसाठी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलला तो लागला, की घरचं माणूस येऊन घेऊन जातं. त्याच्या वडिलांचा आता तिकडे जाणार होता. कॅन्सरच्या पेशींमधल्या जीनमध्ये नेमका काय बदल झालाय ते बघणार होते. ठरावीक बदल सापडला तर केमोऐवजी गोळी देता येते.

"बाबांनी आयुष्यात सिगारेट ओढली नाही," तो म्हणाला.

"अशांच्यात तो बदल सापडायची शक्यता जास्त असते. सोमवारी तिथे द्या. तोवर जपून ठेवा."

"जपून म्हणजे कुठे?"

"घरातली सगळ्यात सुरक्षित जागा असेल तिथे. आता हेही मीच सांगू का?"

तेव्हा कुठे तो हसला. डाव्या गालावर एक बारीक खळी पडली. मी मुद्दाम फाइलीत तोंड खुपसलं. सही होती 'उन्मेष' म्हणून.

सोमवारी लॅब उघडायला गेले, तर तो शटरपाशी उभा. हातात स्टीलचा डबा, शेजारी काष्ट्याचं लुगडं नेसलेली एक म्हातारी बाई. डबा उघडला आणि मी कपाळावर हात मारला. मेण वितळून पसरलेलं, त्यात झेंडूची पाकळी चिकटलेली, आणि वरून हळदकुंकू.

"ही माझी बनूआत्या. बाबांची मोठी बहीण," उन्मेष म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता. "तुम्ही सुरक्षित जागा म्हणालात. तिने देवघरात ठेवला... समईशेजारी."

"माज्या भावाच्या आंगातला तुकडा हाय त्यो," आत्या म्हणाली. "कपाटात टाकनार व्हय? देवाम्होरं ठेवला. रातभर वात इजू दिली न्हाय मी. मला काय ठावं, त्यो मेनाचा हाय." आणि पदर तोंडात धरून रडायला लागली.

मला आधी हसू आलं. माझ्यासाठी असं कुणी रात्रभर वात जपेल का, हा विचार कुठून आला कोण जाणे.

"आत्या, रडू नका. आम्ही स्वतःच तो गरम मेणात बुडवतो. तुकड्याला काही होत नाही. मी परत बसवून देते."

आत नेला. मेण खरवडलं, हळदकुंकू पुसलं, तांदळाच्या दाण्याएवढा तो तुकडा चिमट्याने उचलून नव्या मेणात बसवला. गार व्हायला ठेवला. काचेतून बघितलं, तर उन्मेष आत्याला पाणी पाजत होता... आणि मधूनच आत, माझ्या हातांकडे बघत होता. इतकी वर्षं काम करतेय, माझ्या हातांकडे असं कुणी बघितलं नव्हतं.

आता माझं सांगते. मी अनुया. बदलापूरला एका छोट्या फ्लॅटमध्ये एकटी राहते. वडील मी शाळेत असतानाच गेले. मग मावशी गेली, मग आई. दोघींना स्तनाचा कॅन्सर. सख्ख्या बहिणींना, तोही पन्नाशीच्या आत, म्हणजे घराण्यात ब्राका नावाच्या जीनमध्ये दोष असू शकतो. आईत असेल, तर माझ्यात यायची शक्यता निम्मी. रक्ताची एक तपासणी केली की कळतं. मी रोज दुसऱ्यांचे नमुने कुरियरने पाठवते, आणि स्वतःची तपासणी वर्षानुवर्षं टाळत होते. लग्नाचं कुणी काढलं की 'सध्या नको'. कळल्याशिवाय लग्न नाही, आणि कळून तर घ्यायचंच नाही. असा सगळा माझा कारभार.

घरी गेलं की आधी टीव्ही लावायचा, कुणीतरी बोलतंय असं वाटावं म्हणून. एका माणसापुरता कुकर लावायला मला अजून जमलेलं नाही. भात रोज उरतो.

उन्मेषच्या बाबांचा रिपोर्ट आला. बदल सापडला होता. गोळी सुरू झाली. हे सांगायला तो शनिवारी आला. पुढच्या शनिवारी आत्याने दिलेल्या काकड्या घेऊन आला. त्याच्या पुढच्या शनिवारी रिपोर्टची स्टेपल निघाली म्हणून आला.

"घरी स्टेपलर नाही?" मी विचारलं.

"आहे. पण तुमच्या स्टेपलरची सर नाही त्याला."

"अंबरनाथहून इथवर स्टेपल मारायला... रिक्षावाले खूश असतील तुमच्यावर."

"फक्त रिक्षावालेच?"

आतून लालवाणी मॅडम ओरडल्या, "अनुया, तेरा मोमवाला आया है क्या? जा, दाल-पकवान खाके आ. यहाँ मेरा दिमाग मत खाओ दोनों।"

समोरच्या गाडीवर आम्ही दाल-पकवान खाल्लं. त्याला पकवानाची कडक पुरी धड मोडता येत नव्हती, चुरा सगळा शर्टावर. मी हसत सुटले. तो म्हणाला, "अशीच हसत जा. काउंटरवर फार मारकुटी वाटतेस." तुम्हीवरून तू कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. अंबरनाथच्या एका कारखान्यात तो खरेदीचं बघायचा. आई नव्हती. संध्याकाळी बाबांचा खोकला ऐकत बसायचा. म्हणाला, घरात दोन माणसं आहेत, पण दोघंही एकमेकांपासून काहीतरी लपवतोय. मी म्हटलं, माझ्याकडे लपवायलाही कुणी नाही. बोलून गेले आणि उगाच पाण्याची बाटली शोधायला लागले.

नोव्हेंबरात त्याच्या बाबांनी हट्ट धरला, भातकापणीला गावी जायचं. बारवी धरणाच्या कडेला आत्याचं घर. उन्मेषने मलाही नेलं. त्याचे बाबा, शरदचंद्रकाका, खाटेवर बसून सगळ्यांना कापणी शिकवत होते आणि कुणी त्यांचं ऐकत नव्हतं. गोळीने त्यांना रंग आला होता. पण डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, हा आजार हुशार आहे, एक दिवस या गोळीला चुकवून पुढे जाईल. मग रक्त तपासून पुढचं औषध शोधायचं.

आम्ही दोघं बांधावर बसलो. कापलेल्या भाताचा कोरडा, गोडसर वास, पलीकडे धरणाचं पाणी. तो पायाने ढेकूळ फोडत होता.

"अनुया... मला तुझ्याशी लग्न करायचंय. बोलायला जमत नव्हतं. आत्या म्हणाली, आज न्हाय बोललास तर मीच इचारते. तिने विचारलं असतं तर साऱ्या गावाला कळलं असतं."

मला इतकं बरं वाटलं, की भीती वाटली. मी सगळं सांगून टाकलं. आई, मावशी, जीन, टाळाटाळ. "म्हणून नको म्हणते. तू घरी एक आजार बघतोयस. दुसरा कशाला ओढवून घेतोस?"

त्याने आणखी एक ढेकूळ फोडलं. मग म्हणाला, "तपासून का घेत नाहीस?"

"तुला काय जातंय सांगायला."

"खरंय. माझं काही जात नाही. पण तूच म्हणाली होतीस, आत काय आहे ते कळल्याशिवाय डॉक्टर काय करणार. बाबांचं कळलं, म्हणून ते आज तिथे बसून बडबड करतायत." त्याने माझ्याकडे बघितलं. "माझ्यासाठी करू नकोस. मी उद्या पळून गेलो, तरी तुझ्या उपयोगी पडेल म्हणून कर."

परतताना मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. राग आला होता. तो बरोबर होता, म्हणून जास्त आला होता. त्याच आठवड्यात लालवाणी मॅडमपुढे हात केला. त्यांनी स्वतः रक्त काढलं आणि माझ्या केसांवरून हात फिरवला.

रिपोर्ट आला. दोष होता. माझ्यात आईकडून आला होता.

मॅडमनी ओळखीच्या कॅन्सर डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे सगळं नीट समजावलं. कॅन्सर झालेला नाही. होण्याचा धोका मोठा आहे. दर वर्षी एमआरआय करायचा, काही उगवलंच तर मोहरीएवढं असतानाच धरता येतं. ऑपरेशनने धोका खूप कमी करता येतो, ते कधी, ते सावकाश ठरवायचं. आईच्या वेळी यातलं काहीच कुणी बोललं नव्हतं. मी मान हलवत होते आणि मनात एकच चाललं होतं, उन्मेषला कसं सांगू.

बदलापूरला नदीकाठी सांगितलं. संध्याकाळ होती. तो ऐकत राहिला, मग त्याने दोन्ही हात गुडघ्यांत दाबून धरले.

"मला भीती वाटतेय, अनुया."

मी त्याच्याकडे वळले.

"बाबांची गोळी एक दिवस संपणार. ते सगळं परत... आणि मग कधीतरी तुझं. मी बांधावर मोठ्या गप्पा मारल्या. पण मला जमेल की नाही, मला खरंच माहीत नाही."

"खोटं बोलला असतास तर मला जास्त राग आला असता," मी म्हटलं. "जा तू."

"अनुया—"

"जा रे. मी रागावले नाहीये."

तो गेला. मी घरी आले, टीव्ही लावला, कुकर लावला, आणि पहिली शिट्टी व्हायच्या आत ओट्यापाशी खाली बसून रडले. मला वाटायचं, रिपोर्ट कळणं हीच सगळ्यात वाईट गोष्ट. तसं नव्हतं. रिपोर्टसोबत मी जगू शकत होते. शनिवार काही जाता जात नव्हता. दार वाजलं की मी बघायची, आणि दुसरंच कुणीतरी असायचं. लालवाणी मॅडमनी मोमवाल्याचं नाव काढणं बंद केलं, ते तर अजूनच बोचलं.

एमआरआयची तारीख आली. कल्याणच्या सेंटरवर सकाळीच जाऊन बसले. आजूबाजूला प्रत्येकाबरोबर कुणी ना कुणी होतं, कुणाची सून, कुणाचा नवरा, डबे, थर्मास. मी मोबाइलमध्ये काहीतरी वाचत असल्याचं नाटक करत होते.

शेजारच्या खुर्चीवर कुणीतरी बसलं. मी सरकले, मग मान वळवली. उन्मेष होता. दाढी वाढलेली, शर्टाला इस्त्री नाही.

"तू इथे काय करतोयस?"

"घाबरतोय," तो म्हणाला.

मी मोबाइल पर्समध्ये टाकला.

"मॅडमना फोन करून विचारलं, त्यांनी तारीख सांगितली. आधी सिंधीत शिव्या घातल्या. मला कळल्या नाहीत, पण शिव्याच होत्या." त्याने वाढलेल्या दाढीवरून हात फिरवला. "इतके दिवस घरी बसून घाबरलो. वाटलं, लांब राहिलो की भीती कमी होईल. होत नाही गं. उलट, तिकडे तू एकटी घाबरत असशील, हे डोक्यात घुमत राहतं. शेवटी म्हटलं, घाबरायचंच आहे ना, मग तुझ्याशेजारी बसून घाबरतो."

"आणि उद्या परत जमणार नाही असं वाटलं तर?"

"वाटेल. तेव्हा तुला सांगेन, तू मला चार शब्द सुनाव. पण उठून जाणार नाही आता."

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी ते पुसलंही नाही. "मला तुझी दया नकोय, उन्मेष. तू हवा आहेस. रोज हवा आहेस. माझा भात उरतो रोज, माहितीये तुला?"

"मला भात आवडतो," तो म्हणाला, आणि त्याचाही आवाज फुटला.

आतून माझं नाव पुकारलं. पांढऱ्या कोटातल्या मुलीने मला वरून खालपर्यंत बघितलं. "मॅडम, मशीनमध्ये धातूचं काही चालत नाही. कानातलं, साखळी, बांगड्या, सगळं काढा. घरचं कोण आलंय? त्यांच्याकडे द्या."

मी कानातली काढली. आईची होती ती. साखळी काढली, बांगड्या उतरवल्या. उन्मेषने खिशातला रुमाल मांडीवर पसरला. मी एकेक वस्तू त्यात ठेवली. त्याने चारी टोकं जुळवून घट्ट गाठ मारली.

"हरवू नकोस," मी म्हटलं.

"नाही हरवत. तू जाऊन ये."

मी आत गेले.