जुन्या मेंढ्यांची कोकरं

धुळा मेंढक्याचं डोकं मागून फुटलं होतं, कवठ फुटावं तसं. मढं बिरप्पाच्या मेंढरांच्या जाळीला टेकून पडलं होतं. एका पायात वहाण, दुसरा पाय उघडा.

धुळाचा भाऊ धनाजी बिरप्पाला लाथांनी तुडवत होता. बिरप्पाचे पुढचे दात केव्हाच मातीत गेले होते. होटगीजवळच्या त्या माळावर सगळं गाव जमलं होतं, पण सोडवायला एक हात पुढे येत नव्हता. बघायला डोळे मात्र सगळ्यांना असतात.

"यानं इख घालून आमची कोकरं मारली. दादानं जाब इचारला, तर दादाला मारलं. पोलीस यायच्या आत याला चिरतो," म्हणत धनाजीनं कुऱ्हाड उचलली.

बिरप्पाची आई चिमाबाई सोलापूरहून जगदेवीला घेऊन पोचली ती नेमकी तेव्हा. जगदेवी खासगी तपास करायची. तिचा दीर चन्नवीर गाडी चालवायचा आणि डोकं सोडून बाकी सगळं वापरायचा.

"चिर की," जगदेवी म्हणाली. "पण आदी सांग. डोकं हितं फुटलं, तर रगात कुटं हाय?"

मढ्याखालची माती कोरडी होती. कुऱ्हाड थांबली.

"कोकरं कशी मेली?"

"थरथरून. झटके दिऊन."

"सगळी?"

"दिवाळीनंतर वैरागच्या बाजारातनं आनल्याल्या मेंढ्यांची जगली. जुन्यांची मेली. जुन्या मेंढीचं एक पोरकं शेळीला पाजलं, ते जगलं. नव्या मेंढीच्या जुळ्यातलं एक जुनीला लावलं, ते मेलं."

"आन् जुन्या मेंढ्या?"

"धडधाकट हायती."

"उन्हाळ्यात खतासाटी कुनाच्या रानात बसवल्या हुत्या?"

"दादाला ठावं. मी पुन्यात कामाला हुतो."

बिरप्पा रक्त थुंकला. "मावशी, मी तवा नातेपुत्याकडं हुतो. आता एकाच माळावर चारतो, पर माजं एक बी कोकरू मेलं न्हाय."

"म्हनूनच तू," धनाजी गुरगुरला.

पलीकडचं रान ईश्वरप्पाचं. जगदेवी सगळ्यांना घेऊन तिकडे गेली. गोठ्यामागे सांडपाण्यावर हिरवं गवत माजलं होतं, म्हैस ते ओरबाडत होती. त्याला लागून ज्वारीचा एक चौकोन काळाभोर, पुरुषभर उंच. बाकीची ज्वारी गुडघ्याला.

"धुळाची मेंढरं तुमच्यात बसली हुती, आप्पा?"

"कदीच न्हाय, अक्का. मेंढरांची घान मला खपत न्हाय. च्या घ्या. घरच्या म्हशीचं दूध हाय. सून बाळंतीन हाय, तिला तांब्याभर लागतं."

चन्नवीरनं दोन कप ओढले. जगदेवीनं कपाला हात लावला नाही.

"धनाजी," ती म्हणाली, "गोठ्यामागची माती भुसभुशीत हाय. खण."

ईश्वरप्पा आडवा आला. धनाजीनं त्याला ढकलून दिलं. हातभर खणल्यावर गंजके डबे लागले, त्यांत पांढरी ढेकळं. त्यांच्या शेजारी रक्तानं माखलेली पहार. आणि धुळाची वहाण.

"वैनी, हे काय हाय?" चन्नवीरचा चेहरा उतरला.

"बंदी आलेली पिकावरची पावडर. यानं पुरली, पावसात डबे गळले, गवतात उतरली. मेंढी खाती, पर मरत न्हाय. इख तिच्या चरबीत साठून ऱ्हातं. ती व्याली की चरबी झिजती, इख दुधात येतं. म्हनून शेळीला लागलेलं जगलं, जुनीला लागलेलं मेलं. चारा सगळ्यांचा एक, दूध तेवढं निराळं."

"पर मेंढरं हितंच बसली, हे कशावरनं?"

"ज्वारी बघ. लेंड्या पडल्या तेवढाच चौकोन उठलाय. मेंढरं बसवायला शेतकरी पाया पडतो, आन् हा म्हनतो खपत न्हाय. खोटं बोलायला बी अक्कल लागती. धुळाला कळलं, तो खणायला आला. बोभाटा झाला तर म्हशीचं दूध कोन घेनार? म्हनून मागनं पहार घातली, आन् ज्याच्यावर गावाचा संशय त्याच्या दारात मढं टाकलं."

धनाजीच्या कुऱ्हाडीचा तुंबा, बोथट पाठ, ईश्वरप्पाच्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. धनाजीनं पुन्हा कुऱ्हाड उगारली, तर बिरप्पानंच ती धरली.

ईश्वरप्पा दात खाऊन म्हणाला, "एका मेंढक्यासाटी मला फाशी देनार व्हय?"

"ते कोर्ट बघंल," जगदेवी म्हणाली. "मी येवढंच इचारते. म्हैस ह्याच गवतावर पोसली. सून त्या म्हशीचं दूध पिती. आन् नातू कुनाचं पितो?"

घरात बाळ रडायला लागलं, मग गप्प झालं. कुणीतरी पदराखाली घेतलं असावं.

मोडका हात मातीतून ओढत ईश्वरप्पा घराकडे रांगत निघाला.

"सूनबाई," तो म्हणत होता, "पाजू नगंस. पाजू नगंस त्याला."